पेन स्टेटचं व्हाइट आउट: एक लाख लोकांना एकच काम

१९ ऑक्टोबर २०१९ ची रात्र, बीव्हर स्टेडियम, समोर मिशिगनची टीम. मिशिगनचा ऑफेन्स (बॉल घेऊन पुढे जाणारे अकरा जण) मैदानात आला, रांग लावली आणि पहिला बॉल खेळायच्या आधीच त्यांनी टाइमआउट मागितला. त्यांचा पहिलाच बॉल बरं का, अजून कोणी कोणाला हातसुद्धा लावला नव्हता. एका हाफला तीनच टाइमआउट मिळतात, शेवटच्या दोन मिनिटांत त्यांना सोन्याचा भाव असतो, आणि इथे एक गेला तो केवळ एकमेकांचं बोलणं ऐकू येईना म्हणून. त्या रात्री पेन स्टेट, म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीची घरची टीम, २८-२१ ने जिंकलं.

हे व्हाइट आउट प्रकरण, म्हणजे वर्षातून एका मॅचला अख्ख्या स्टेडियमने पांढरं घालून येणं, नीट लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. निमित्त म्हणजे आपल्याकडच्या एका छोट्या फुटबॉल क्लबवाल्यांनी (पायाने खेळायचा, आपला नेहमीचा फुटबॉल) मला "तू तिकडे शिकलास ना, मग आमच्या होम मॅचला वातावरण कसं करायचं सांग" म्हणून चहाला बोलावलं. त्याचं काय झालं ते शेवटी.

आधी एक खुलासा, नाहीतर अर्धे लोक मेस्सी-रोनाल्डो डोक्यात घेऊन वाचतील. हा अमेरिकन फुटबॉल, लांबुळका बॉल, हेल्मेट, खांद्यावर पॅड. आणि कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्या इंटर-कॉलेजसारखं नाही, जिथे बघायला खेळणाऱ्यांचे चार मित्र आणि बाहेरचा वडापाववाला असतो. तिथे कॉलेजची स्टेडियम प्रोफेशनल टीमच्या स्टेडियमपेक्षा मोठी आहेत. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये साधारण १ लाख ६ हजार. आणि हे स्टेडियम ज्या गावात आहे त्याचं नावच स्टेट कॉलेज, वस्ती जेमतेम चाळीस हजार. मॅचच्या शनिवारी स्टेडियम हेच पेनसिल्व्हेनिया राज्यातलं चौथ्या नंबरचं शहर होतं, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि ॲलनटाउननंतर. संध्याकाळी सगळे गाड्या काढून निघाले की रात्री एक वाजेपर्यंत हायवे तुंबलेला.

दुखणं काय होतं

२००१ मध्ये बीव्हर स्टेडियम वाढवलं, ९३,९६७ वरून थेट १,०७,२८२. आणि टाइमिंग बघा, नेमकी त्याच वेळी टीम झोपली. जो पॅटर्नो हा कोच १९६६ पासून तिथे, १९८२ आणि १९८६ ची नॅशनल चॅम्पियनशिप त्याच्या नावावर, म्हणजे गावात त्याचं स्थान काय असेल कल्पना करा. पण २००० ते २००४ या पाच सीझनपैकी चारांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. २००३ मध्ये ३ जिंकले ९ हरले. २००४ मध्ये आयोवाविरुद्ध घरच्या मैदानावर ६-४ असा स्कोअर झाला आणि हरले. फुटबॉलमध्ये ६-४! टेनिसचा सेट वाटतो. लोक उघडउघड म्हणायला लागले होते की म्हातारबुवांनी आता घरी बसावं.

आता मोठं स्टेडियम म्हणजे मोठा आवाज असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. वरून उघडं, अर्धा आवाज आकाशात जातो, आणि गर्दीत जुने माजी विद्यार्थी भरपूर. ही मंडळी वीस-तीस वर्षं सीझन तिकीट घेतात, देणग्या देतात, मांडीवर ब्लँकेट घेऊन बसतात आणि पुढचा उभा राहिला की "खाली बस" म्हणतात. त्यांचं प्रेम खोटं नाही, उलट त्यांच्याइतकं प्रेम कोणाचं नसेल, पण प्रेम आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरणारी टीम, वाढवलेल्या जागा आणि बसून बघणारे लोक, हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टी-शर्ट

तेव्हा फुटबॉलचं मार्केटिंग बघणारा माणूस होता ग्विडो डेलिया. ९ ऑक्टोबर २००४ ला पर्ड्यूविरुद्धच्या मॅचसाठी त्याने आणि त्याच्या लोकांनी फक्त स्टुडंट सेक्शनला सांगितलं, पांढरं घालून या. एवढंच. मॅच २०-१३ ने हरले. म्हणजे ज्या गोष्टीवर आज टीव्हीवाले अर्धा तास घालवतात तिची सुरुवात पराभवाने झालीये, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची बाब आहे, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी "चालत नाही" म्हणून फाइल बंद केली नाही. आपल्याकडे केली असती, आणि वर रिव्ह्यू मीटिंग घेतली असती.

पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २००५, ओहायो स्टेट आलं, देशात सहाव्या नंबरवर. पेन स्टेट पाचपैकी पाच जिंकून बसलेलं, लोकांना विश्वास बसत नव्हता. स्टुडंट सेक्शनमध्ये जागेचा नंबर नव्हता, जो आधी येईल तो पुढे, म्हणून मुलांनी कित्येक दिवस आधी स्टेडियमच्या गेटबाहेर तंबू ठोकले. तंबूंच्या त्या वस्तीला त्यांनी नाव दिलं पॅटर्नोव्हिल. हे मार्केटिंगवाल्यांनी केलेलं नव्हतं, पोरांनी आपणहून केलं होतं, ऑफिसने फक्त हाकललं नाही. मॅचला १,०९,८३९ लोक, विद्यार्थ्यांचा अख्खा कोपरा पांढराफटक. शेवटच्या दीड मिनिटात ओहायो स्टेट बरोबरी करायला निघालं होतं तेव्हा पेन स्टेटच्या टाम्बा हालीने त्यांच्या क्वार्टरबॅकला (ऑफेन्स चालवणारा, बॉल फेकणारा गडी), ट्रॉय स्मिथला, असा काही आडवा केला की बॉल हातातून सुटला आणि मॅच संपली, १७-१०. त्या वर्षी टीम ११-१ वर संपली.

मग २००७ ला नोटर डेमविरुद्ध सगळ्या स्टेडियमला सांगितलं, ब्लँकेटवाल्या काका-काकूंसकट. ३१-१० ने जिंकले. तिथून ती प्रथा झाली.

आता यात हुशारी कुठे आहे ती बघा, मला कळायला बराच वेळ लागला. पांढरा टी-शर्ट प्रत्येकाच्या घरात असतो. नसला तर पाच डॉलरमध्ये मिळतो. युनिव्हर्सिटी दरवर्षी अधिकृत व्हाइट आउट टी-शर्ट विकते ते वेगळं, पण तो घ्यायलाच पाहिजे असं नाही, जुना बनियनसुद्धा चालतो. दुसरं, रात्री फ्लडलाइटखाली पांढरं जसं उठतं तसं निळं उठत नाही, आणि युनिव्हर्सिटीचा मुख्य रंग खरं तर निळा आहे. तिसरं, गोल स्टेडियममध्ये समोरचा माणूस तुम्हाला दिसतो. तुम्ही पांढरं घातलंय, समोर पन्नास हजार लोकांनी घातलंय, आणि मध्ये एक गडी निळी जर्सी घालून आलाय तर तो दुधात पडलेल्या माशीसारखा दिसतो. त्याला कोणी काही बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही. पुढच्या वर्षी तो पांढरं घालतो.

म्हणजे आवाज करायच्या आधीच प्रत्येक माणूस कामाला लागलेला असतो. घरी कपाट उघडून शर्ट शोधला तिथेच तो प्रेक्षक राहिला नाही, सामील झाला. भोंगे वाटून, स्क्रीनवर "मेक सम नॉइज" लिहून हे होत नाही. स्क्रीनने सांगितल्यावर आवाज करणारा माणूस स्क्रीन बंद झाली की गप्प बसतो.

(एक गमतीची गोष्ट: बाहेरून आलेली टीम साधारणपणे पांढरी जर्सी घालते आणि घरची टीम रंगीत. म्हणजे व्हाइट आउटच्या रात्री एक लाख लोक ज्या रंगात असतात त्या रंगात मैदानावर पाहुणे असतात! पहिल्यांदा बघणारा हमखास चुकतो, मी चुकलो होतो.)

आवाज नक्की करतो काय

ऑफेन्सचे अकरा जण रांगेत उभे असतात. क्वार्टरबॅक ओरडून आकडे-शब्द सांगतो, त्यातल्या ठरलेल्या शब्दावर मधला गडी, सेंटर, दोन पायांमधून बॉल मागे देतो. सगळ्यांनी त्याच क्षणी हलायचं. एखादा आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे. चाळीस सेकंदांत बॉल खेळला नाही तरी पाच यार्ड मागे. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचे असतात, त्यात पाच यार्ड मागे म्हणजे अर्धं काम वाया.

पेन स्टेटमध्येच अकूस्टिक्स, म्हणजे ध्वनिशास्त्र, शिकणाऱ्या एका संशोधक विद्यार्थ्याने मॅचच्या वेळी स्टेडियममध्ये मीटर लावून मोजलं होतं. घरची टीम खेळत असताना मैदानावर ७५ डेसिबलच्या आसपास, पाहुण्यांकडे बॉल आला की ११० पर्यंत. ११० ला क्वार्टरबॅकचा आवाज जेमतेम दीड फुटापर्यंत पोचतो. रांगेच्या टोकाचा गडी, टॅकल, त्याच्यापासून कितीतरी लांब उभा असतो, त्याला काय डोंबल ऐकू येणार. मला यातला ११० पेक्षा ७५ चा आकडा जास्त भारी वाटतो. एक लाख माणसं आपल्या टीमकडे बॉल आला की आपोआप आवाज खाली आणतात आणि पाहुण्यांकडे गेला की वर. हे कोणी बटण दाबून करत नाही. शिवाय नियम असा आहे की बॉल खेळायच्या क्षणी स्पीकरवर गाणं किंवा बँड वाजवता येत नाही, म्हणजे डीजे लावून फसवाफसवी चालत नाही, शेवटचा आवाज घशातूनच काढावा लागतो.

पाहुणे मग सायलेंट काउंट, म्हणजे न बोलता खुणांनी बॉल सुरू करणं, वापरतात. क्वार्टरबॅक पाय उचलतो, सेंटरच्या शेजारचा गडी, गार्ड, मागे बघतो, सेंटरला हात लावून खूण करतो, सेंटर मान हलवून बॉल देतो. चालतं हे, आठवडाभर स्पीकर लावून सरावही करतात. पण तोटा असा की टॅकलला अर्धी नजर बॉलकडे ठेवावी लागते आणि समोरच्या डिफेन्सला निघायला तेवढा क्षण जास्त मिळतो. व्हाइट आउटचा खरा फायदा म्हणजे हा पाव सेकंद. २०२४ पासून मोठ्या कॉलेज टीमना एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकवायची परवानगी मिळाली, त्यामुळे बाहेरून खुणा करायची कटकट कमी झाली, पण क्वार्टरबॅकचं ओरडणं टॅकलला ऐकू येत नाही ते नाहीच येत.

मी होतो ती रात्र

मी तिथे मास्टर्स करत होतो तेव्हा २२ ऑक्टोबर २०१६ चं तिकीट मिळालं, ओहायो स्टेट, देशात दुसऱ्या नंबरवर, पेन स्टेट कुठल्याच नंबरवर नाही. स्टुडंट सेक्शन दक्षिणेच्या टोकाला, वीस हजारांवर पोरं. माझा नाशिकचा रूममेट आणि मी, दोघांनाही नियम अर्धवट माहीत. थंडी अशी की जॅकेटशिवाय उभं राहता येईना आणि जॅकेट माझं काळं, म्हणून सगळे करतात तेच केलं, एक्सएक्सएल पांढरा टी-शर्ट जॅकेटच्या वरून चढवला. आख्ख्या सेक्शनमध्ये तेच दृश्य, सगळे फुगलेले, रजईला अभ्रा घातल्यासारखे. बाक ॲल्युमिनियमचे, त्यावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं, चारही क्वार्टर. पाय थंडीने बधिर झाले की उड्या मारायच्या आणि त्या उड्यांनी बाक असा थरथरायचा की शेजारच्याच्या हातातलं नाचोचं चीज माझ्या बाहीवर. तो डाग अजून आहे.

माझ्या पुढे एक मुलगी होती, केमिकल इंजिनीअरिंगवाली, तिने पहिल्या क्वार्टरमध्येच मागे वळून आम्हाला दम दिला कारण आपल्या टीमकडे बॉल असताना आम्ही दोघं बोंबलत होतो. "आत्ता नाही!" मग तिने पूर्ण मॅचभर आम्हाला शिकवलं, कधी ओरडायचं, "वी आर" ची आरोळी आली की "पेन स्टेट" कसं म्हणायचं, तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) चाव्या का वाजवायच्या. मी नंतर बऱ्याच वेळा विचार केलाय की या मुलीला कोणी पगार देत नव्हतं. अशा किती हजार असतील त्या स्टेडियममध्ये.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा २१-७ ने मागे. आता गंमत बघा, कोणी घरी गेलं नाही. मग एक टचडाउन, मग त्यांची पंट (बॉल लांब घालवायची किक) ब्लॉक करून एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन पॉइंट), २१-१७. साडेचार मिनिटं राहिली असताना ओहायो स्टेटने फील्ड गोल मारायला घेतला. मार्कस ॲलनने उडी मारून तो अडवला, बॉल उसळला, ग्रँट हेलीने उचलला आणि साठ यार्ड पळत सुटला. मला बॉल दिसलाच नाही, फक्त आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळताना ऐकू आला, आणि ती केमिकलवाली मुलगी आमच्या दोघांच्या गळ्यात. २४-२१. मॅच संपल्यावर पोरं कठडे ओलांडून मैदानात. आम्ही नाही गेलो, खरं कारण सांगतो, व्हिसावर होतो आणि घाबरलो.

तिसऱ्या दिवसापर्यंत आवाज बसलेला. घरी फोन केला तर आईला वाटलं आजारी आहे.

वर्षातून एकदाच

सीझनला घरच्या मॅच साधारण सात. व्हाइट आउट एकच. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की दोन करा, तीन करा, आणि सुदैवाने त्यांचं ऐकलं जात नाही. सण महिन्यातून दोनदा आला तर कोणी घर झाडत नाही. बाकीच्या मॅचना वेगळे प्रकार असतात, पट्टे-पट्टे करून निळा-पांढरा वगैरे, पण त्यात सीट नंबर बघून रंग ठरवायचा असतो, म्हणजे डोकं लावावं लागतं, आणि ज्यात डोकं लावावं लागतं ते एक लाख लोक नीट करत नाहीत.

पण ती एक मॅच कुठली हे पूर्ण त्यांच्या हातात नाही. मॅचची वेळ टीव्हीवाले ठरवतात. २०२४ ला ओहायो स्टेटची मॅच चॅनेलने दुपारी बारा वाजता लावली, म्हणून त्या वर्षीचं व्हाइट आउट वॉशिंग्टनविरुद्ध नोव्हेंबरच्या रात्री झालं, ३५-६ ने जिंकले. आणि दुपारच्या त्या ओहायो स्टेटच्या मॅचला १,११,०३० लोक होते, तरी २०-१३ ने हरले. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण गर्दीचा आकडा आणि गर्दीचं वातावरण एक नव्हे हे दाखवायला मला तरी यापेक्षा चांगली जोडी मिळालेली नाही. भर दुपारच्या उन्हात कोण वेड्यासारखं वागणार.

जे कामाला आलं नाही

इथे फॅन लोक गप्प बसतात म्हणून मी मुद्दाम सांगतो. व्हाइट आउट असूनही २००९ ला पावसात आयोवाकडून २१-१० ने हरले, २०११ ला अलाबामाने २७-११ ने धुतलं. २०१८ ला ओहायो स्टेटविरुद्ध १,१०,८८९ लोक, तेव्हाचा स्टेडियमचा रेकॉर्ड, चौथ्या क्वार्टरमध्ये २६-१४ ने पुढे, आणि २७-२६ ने हरले. आवाज तेवढाच होता. समोर चांगली टीम असली आणि तिने आठवडाभर सायलेंट काउंट घोटला असला की ११० डेसिबलमध्येसुद्धा पास पूर्ण होतो.

२०२० ला कोविडमुळे स्टँड रिकामे होते आणि पेन स्टेट पहिल्या पाचही मॅच हरलं, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. लोक म्हणतात बघा, गर्दी नव्हती म्हणून. मला हे पटत नाही, कारण गर्दी कोणाकडेच नव्हती, आणि त्या पाचातल्या दोन तर बाहेर होत्या.

आणि याच गर्दीची दुसरी बाजू. नोव्हेंबर २०११, माजी असिस्टंट कोच जेरी सँडस्कीवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले आणि पॅटर्नोला काढून टाकलं. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले, एका न्यूज चॅनेलची गाडी उलटवली. मुलांवर काय गुजरलं यासाठी नव्हे, कोचला काढलं यासाठी. एका माणसाच्या नावाने तंबूंचं गाव वसवायची सवय लागली की असंही होतं. तीन दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, नेब्रास्काविरुद्ध मॅच होती आणि त्याच लोकांना सांगितलं गेलं निळं घाला, कारण बालशोषणाविरुद्धच्या कामाचा रंग निळा आहे. लोकांनी घातलं. सुरुवातीला दोन्ही टीम मैदानाच्या मध्यभागी एकत्र गुडघे टेकून बसल्या आणि ते प्रचंड स्टेडियम गप्प झालं. पुढच्या वर्षी पॅटर्नोव्हिलचं नाव बदलून निटनीव्हिल केलं. त्याच २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचा दंड आणि इतर शिक्षा बसल्या, आणि घरच्या मॅचची सरासरी गर्दी एक लाखाच्या खाली गेली.

म्हणजे एक रंग, एक काम, हे तंत्र आनंदालाही लागू पडतं आणि शरमेलाही. आयोवात २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याकडे हात हलवतं, काचेपाशी उभ्या असलेल्या आजारी पोरांसाठी. तिथेही काम तेवढंच, हात वर करायचा. पाहुण्या टीमचे खेळाडूसुद्धा करतात. डिझाइन म्हणून ते व्हाइट आउटपेक्षाही सरस आहे असं मला वाटतं, त्यात हरायचा प्रश्नच येत नाही.

सगळ्यात ताजं प्रकरण २७ सप्टेंबर २०२५ चं. ओरेगॉन आलेलं, १ लाख ११ हजारांवर लोक, चौथ्या क्वार्टरमध्ये १७-३ ने मागे असलेल्या पेन स्टेटने शेवटच्या अर्ध्या मिनिटात १७-१७ केलं. स्टेडियम फुटायचं बाकी. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ओरेगॉन ३०-२४ ने पुढे, आणि लगेच पेन स्टेटच्या क्वार्टरबॅकचा, ड्रू अलरचा, पास त्यांच्या सेफ्टीने (डिफेन्सचा सगळ्यात मागचा गडी) पकडला. खलास. जी पोरं चार तास कोचच्या टीमसाठी घसा फोडत होती त्यांच्यातूनच कोच जेम्स फ्रँकलिनला हाकला अशा घोषणा सुरू झाल्या. पुढे दोन आठवड्यांत यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्नकडूनही हरले आणि १२ ऑक्टोबरला फ्रँकलिनची नोकरी गेली. एक लाख लोकांना एकत्र ओरडायला शिकवलंत की काय ओरडायचं हे नेहमी तुम्ही ठरवू शकत नाही.

सध्या ७० कोटी डॉलर खर्चून स्टेडियमची पश्चिम बाजू नव्याने बांधतायत, काचेच्या खोल्या, गादीच्या खुर्च्या, क्लब सीट. पैसे त्यातूनच येतात हे कळतं. पण गादीच्या खुर्चीवरचा माणूस उभा राहत नाही, हेही त्यांना २००४ पासून माहीत आहे.

तर तो क्लब

चहाच्या मीटिंगला मी हे सगळं सांगितलं, अर्थात एवढं लांबण लावलं नाही. म्हटलं तुमच्याकडे बाराशे लोकांचा स्टँड आहे, त्यातल्या दोनशे पोरांपासून सुरुवात करा, सीझनमधली एकच मॅच निवडा, फ्लडलाइटवाली, घरात असलेलं पांढरं घालून या म्हणावं. टी-शर्ट वाटू नका, जो फुकट मिळतो तो लोक घरी नेऊन फरशी पुसायला वापरतात. ओरडायचं कधी ते त्या दोनशेतल्या दहा जणांना शिकवा, बाकीचे बघून शिकतील. आणि पहिली मॅच हरलात तरी पुढच्या वर्षी परत करा.

मॅनेजर मान डोलवत होते, लिहून घेत होते. कमिटीतले एक काका शांत बसले होते, त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो, पण मग स्पॉन्सरचा लोगो कुठे टाकायचा?"